दगा फिटरचं गोल बेअरिंग

दगा फिटर ओरडला की नंदुरबारच्या उमेदमल शेठच्या जिनिंगमधली, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीतली, कबुतरंसुद्धा उडून जायची. हात सोन्याचा, पण तोंड म्हणजे निव्वळ आग! यंत्राचा दांडा ज्या भोकात फिरतो ते बेअरिंग गोल कापावं तर दगानंच, असं सगळे मानायचे. तो स्वतः तर जरा जास्तच मानायचा.

बासष्ट साली कापूस ओढणारा नवा वेगवान पंखा आला. बेअरिंग दगानंच कापून बसवलं. पण वेग वाढला की पंख्याचा दांडा असा थरथरायचा, की पायाखालची फरशी हादरायची. दगा तडक तेलवाल्या चैत्यावर धावून गेला. चैत्या सातपुड्यातला भिल्ल, दिवसभर तेलाची बुधली घेऊन मुकाट्यानं फिरणारा.

"हरामखोर, तू तेलच देस नही!"

"भाऊ, भरपूर देयेल शे."

"मंग काय मन्हं बेअरिंग वाकडं शे?"

सगळ्यांसमोर दगानं त्याच्या हातातली बुधली हिसकावली आणि उमेदमल शेठला सांगून त्याला कामावरून काढायला लावलं. नव्या माणसानं दुप्पट तेल ओतलं. थरथर तशीच!

शेवटी सुरतेहून इंजिनिअर आला. म्हणाला, "बेअरिंग फार गोल आहे. दांडा तेलावर तरंगतो, आणि एवढ्या वेगात तेलच त्याला घुमवत नेतं. बेअरिंगच्या दोन अर्ध्या भागांमध्ये पातळ पट्ट्या ठेवून गोल कापा, मग पट्ट्या काढून टाका. भोक वरून-खालून चेपलं की दांडा जागेवर राहील."

चेपलेलं! दगाच्या अंगाचा तिळपापड झाला. याला खोटं पाडायचंच, म्हणून दात-ओठ खात त्यानं अगदी तसंच केलं. पंख्यानं वेग घेतला, आणि मेला गपगुमान फिरत राहिला.

दगाला स्वतःचीच एवढी चीड आली की रात्रभर डोळा लागला नाही. बाजाराच्या दिवशी तो सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोद्याला गेला. चैत्या लाकडाच्या मोळ्या विकत बसला होता.

"ऊठ! कामवर चाल!" दगा तिथेही ओरडलाच.

चैत्या हलला नाही. "शिव्या सगळासमोर दिन्यात. सगळासमोर सांगशी, तव्हय येसू."

दुसऱ्या दिवशी सकाळी चैत्या जिनिंगच्या दाराशी येऊन थांबला, आणि दगा सगळ्यांसमोर कापसाच्या गाठीवर चढला. चेहरा लालबुंद. "हसतस काय रे? चूक मन्ही व्हती! चैत्यानी नही!"

खाली उतरून त्यानं ती बुधली चैत्याच्या हातात आदळली. चैत्यानं हलवून पाहिली.

"रिकामी शे," तो म्हणाला. "भरी आन."

शिव्या पुटपुटत दगा गेला, आणि भरून घेऊन आला.