सासूबाईंची नजर

आमच्या सासूबाई शिवणकाम करतात. कापडाला मिळता दोरा नुसत्या नजरेने काढतात आणि कुणी शंका घेतली की कात्रीच रोखतात. म्हणून तर गल्लीतल्या विहिरीचं पाणी तपासायचं काम शेजाऱ्यांनी त्यांच्या गळ्यात घातलं. दर रविवारी त्या पाण्यात कागदी पट्टी बुडवून रंग बघतात. पांढरी राहिली तर पाणी चांगलं. गुलाबी झाली तर शेतातलं खत उतरलेलं, तान्ह्या बाळाला विषच. वर्षभर वहीत एकच शब्द आहे, ‘पांढरी’. त्या शब्दावर सगळी गल्ली निर्धास्त होती.

काल त्यांनी पांढऱ्या सदऱ्याला फिकट गुलाबी दोऱ्याने टीप मारली. मला हसू आलं.

"आई, दोरा गुलाबी आहे."

"डोळे फुटले का तुझे? पांढराच आहे!"

बोलता बोलता त्यांची नजर पाण्याच्या वहीकडे गेली. सदरा मशीनवर तसाच टाकून उठल्या, विहिरीच्या पाण्याच्या पिंपात पट्टी बुडवली आणि मिनिटभराने माझ्यापुढे धरली.

"तू सांग, रंग कुठला?"

"गुलाबी." त्यांनी माझ्या हातातली त्याच पाण्यात कालवलेल्या दुधाची बाळाची बाटली काढून घेतली आणि मोरीत ओतली.