रुजू होण्याआधीच सुटलेली नोकरी

भोसरीच्या टूलरूममध्ये साचे पॉलिश करणाऱ्या रणजीतची ख्याती अशी, की मशीनला न सापडलेला ओरखडा त्याच्या अंगठ्याला सापडायचा. अठरा वर्षं हेच केलं. अशात चाकणच्या एका कंपनीनं बोलावलं. टूलरूमचा प्रमुख, तेही दिवसाच्या शिफ्टला. गड्याला आभाळ ठेंगणं झालं. इकडे राजीनामा दिला, तिकडे दिघीच्या अख्ख्या आळीत पेढे वाटून मोकळा.

टूलरूमच्या शेठनंही पेढा खाल्ला, तोंड पुसलं आणि कपाटातून स्टँपपेपर काढला. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं असलंच काम करणाऱ्या कंपनीत जाणार नाही, असं त्यावर लिहिलेलं, खाली रणजीतची सही. एका दिवाळीत बोनसबरोबर सगळ्यांकडूनच घेतलेली. वाचतंय कोण!

घरी वडील सोपानराव. जमिनीचा भाव दसपट झाला, तरी आधी सही केली म्हणून जुन्याच भावात देऊन टाकणारा माणूस. त्यांनी एवढंच विचारलं,

"सही तुझीच हाय ना?"

"व्हय, आबा."

"मग इषय संपला. आपल्या घरात सही करून कुणी फिरलं न्हाई."

बायको पूनम म्हणत होती, वकिलाला तरी दाखवू. पण पळवाट शोधतोय असं दिसायचीच रणजीतला लाज. सोमवारी रुजू व्हायचं, त्यानं शनिवारीच फोन करून येत नाही म्हणून कळवलं. कारण विचारलं, तर घरची अडचण सांगितली. मग जुन्या जागी गेला, तर तिथं दुसरा माणूस उभा.

दीड महिन्यानं पूनमनं तो कागद गुपचूप शुभदाताई वकिलांना दाखवला. नोकरी सुटल्यावर माणसाचं पोट अडवणारी असली अट कोर्टात सहसा टिकत नाही, असं त्या म्हणाल्या. पूनमनं तिथूनच चाकणला फोन लावला. जागा भरली होती.

घरी येऊन तिनं आबांना सांगितलं.

"त्याला सांगू नगंस, पोरी," म्हातारा एवढंच म्हणाला. "माझ्या सांगण्यानं थांबलाय त्यो."

आता वर्ष झालं, रणजीत एका गोदामात खोकी उचलतो. रात्री जेवताना कधीतरी हौसेनं म्हणतो, "आणखी वर्षभर, आबा. मग आपण मोकळे."

असं म्हणाला, की आबा अर्ध्या ताटावरून उठतात, आणि पूनम वाढायचं निमित्त करून आत जाते.