अलगदचं जहाज

बंदरावर त्याला सगळे अलगद म्हणायचे. वीस टनांचा खोका क्रेनवरून तो असा उतरवायचा, की खाली उभ्या असलेल्या माणसालाही तो कधी टेकला हे कळायचं नाही. निवृत्त झाला त्या दिवशी सोबत्यांनी त्याला एक खोकं दिलं. सुटे भाग जोडून बांधायचं लाकडी जहाज होतं ते, दोन डोलकाठ्यांचं, हातभर लांब. "आता हे उतरव अलगद," कोणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले. ते खोकं सहा वर्षं माळ्यावर पडून राहिलं.

ते खाली काढलं बायकोनं. ती दातांच्या कारखान्यात कवळ्या बनवायची. अर्ध्या गल्लीचं हसू आपल्या हातचं आहे, असं ती ऐटीत सांगायची. त्या आठवड्यात तो गॅस चालू ठेवून घराबाहेर पडला होता आणि दुपारी जुन्या बंदराच्या फाटकाशी सापडला होता, पायात तिच्या चपला. रखवालदारानं ओळखलं म्हणून निभावलं. "माझी पाळी आहे, आत सोडा," एवढंच तो म्हणत होता.

मुलीनं फोनवर फार लांबण लावली नाही. "आई, मी एक जागा बघून ठेवलीय. तिथे चोवीस तास माणसं असतात."

"काहीतरीच काय! चांगला नकाशा वाचतो तो माणूस. जहाज बांधायला घेतलंय त्यांनी." खोकं तेव्हा नुकतंच माळ्यावरून उतरलं होतं. त्यावरची धूळही अजून पुसायची होती.

"खरंच?"

"तीन आठवडे दे. येऊन बघ."

 "ठीक आहे. तिथला अर्ज घेऊन येते. बाबांनी ते बांधलेलं दिसलं, तर तुझ्यासमोर फाडते."

पहिले काही दिवस खरंच चांगले गेले. मधला कणा उभा राहिला, त्याला बरगड्या बसल्या. त्यावर लाकडाच्या काडीसारख्या बारीक पट्ट्या मढवायच्या होत्या. पुस्तिकेत लाल चौकटीत बजावलं होतं: एक पट्टी डावीकडे लावली की पुढची उजवीकडे, नाहीतर एका बाजूच्या ओढीनं कणा वाकतो. त्यानं ते तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. "हे काय सांगायला लागतं? जहाज भरतानाही असंच असतं. एकाच बाजूला माल टाकला तर कलंडेल की!" ती निर्धास्त होऊन कामाला जाऊ लागली. संध्याकाळी आली की भिंतीला लावलेल्या टेबलावर जहाज दिसायचं, रोज थोडं जास्त भरलेलं.

रविवारी मुलगी यायची होती. गुरुवारी बायकोनं टेबल पुसायला म्हणून जहाज उचललं. भिंतीकडची उजवी बाजू उघडीच होती. नुसत्या बरगड्या. तो रोज सकाळी खुर्चीत बसायचा आणि समोरच्या डाव्या बाजूला पहिली पट्टी लावायचा. रोजच पहिली. काही ठिकाणी पट्टीवर पट्टी चढली होती, डिंकाचे ओघळ सुकले होते. कणा केळ्यासारखा वाकला होता.

ती तशीच ते हातात धरून उभी राहिली. मग तिनं कारखान्यात फोन करून दोन दिवसांची रजा सांगितली.

दोन्ही दुपारी, तो झोपला की, ती टेबलाशी बसली. पट्ट्या गरम पाण्यात भिजवल्या, पेल्याभोवती वाकवल्या, मेण कोरायच्या सुरीनं कापल्या. कवळी खरी वाटावी म्हणून एखादा दात किंचित तिरका बसवावा लागतो, ते ती डोळे मिटून करायची. इथंही वाकडं लावायचं, त्याच्यासारखं, असं तिनं ठरवलं होतं. पण हात ऐकेना. पट्टीला पट्टी अशी भिडत गेली की मध्ये नख जाऊ नये. तिनं दोनदा उखडून पाहिलं. तिसऱ्यांदा पुन्हा सरळच बसली. मग तिला रडू आलं, आणि तिनं पुढची पट्टी पाण्यात टाकली.

रविवारी मुलगी आली. अर्ज टेबलावर ठेवून तिनं जहाजाकडे बघितलं. आईनं उजवी बाजू पुढे करून ठेवली होती.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

तो जहाजावरून बोटं फिरवत राहिला. त्याचा चेहरा उजळला. "मग काय तुझ्या आईनं? तिला दातांपलीकडे काय कळतंय!"

"हो ना, मी आपली बत्तिशीतच अडकलेली," आई म्हणाली. तिघंही हसले. मुलीचा हात अर्जाकडे गेला.

"थांब, सगळं बघ ना," म्हणत त्यानं जहाज वळवलं.

डाव्या बाजूवर त्याचं बोट अडलं. एका ओघळावर, मग दुसऱ्यावर. "ही कोणी केली?"

आई जहाज परत वळवायला पुढे झाली.

"अगं, विचारतोय मी. कोणी हात लावला माझ्या जहाजाला?" त्याचा आवाज चढला. "असा माणूस कामावर ठेवतात? वाट लावलीय सगळी. काढून टाका त्याला. आजच काढा!"

"अहो, असू दे," ती म्हणाली. "करू आपण नीट."

"आई," मुलगी हळू आवाजात म्हणाली, "हात दाखव."

तिनं हात मागे घेतले. पण नखांच्या कडांना पांढरा डिंक सुकलेला होता, तो मुलीला आधीच दिसला होता.

"अजून एक महिना," आई म्हणाली. "मी काम सोडते. समोर बसते त्यांच्या. रोज वळवून देईन जहाज. एवढंच लागतं गं त्यांना, कोणीतरी वळवून द्यायला."

"आणि तू? तुला कोण बघणार?"

तो काहीतरी शोधत होता. डिंक सांडला तर टेबल खराब होईल, म्हणून त्यानं जवळचा कागद ओढला, हातानं सपाट केला आणि त्यावर जहाज ठेवलं. जरासुद्धा आवाज झाला नाही. मग तो डाव्या बाजूच्या पट्ट्या उखडू लागला.

मुलगी जहाजाखालच्या अर्जाकडे बघत राहिली. "राहू दे," ती म्हणाली. "माझ्याकडे दुसरी प्रत आहे."

"धर," तो बायकोला म्हणाला. तिनं ओंजळ पुढे केली. एकेक पट्टी काढून तो तिच्या ओंजळीत ठेवत गेला.