पावणेदोनशे ताटं

टेम्पोवाल्याने गाडी थांबवली, समोरच्या बंद शटरांच्या ओळीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ताई, पत्ता बरोबर आहे ना?"

पत्ता अगदी बरोबर होता. पनवेलहून आपट्याकडे येणारा रस्ता, नदीच्या अलीकडचं गाव, आणि त्या गावाच्या कडेला उभी असलेली आमची चार मजली, अर्धी रिकामी इमारत. रस्त्यावरच्या दहा-बारा दुकानांपैकी एक किराणा आणि एक सलून एवढीच उघडी होती. नवऱ्याने टेम्पोवाल्याला हसून सांगितलं, "उतरवा सामान." मी तर तोपर्यंत किल्ली घेऊन जिन्यावर पोचले होते.

लग्नानंतर आम्ही डोंबिवली, ठाणे, परत डोंबिवली अशी भाड्याची पाच घरं बदलली होती. दर अकरा महिन्यांनी नवा करार, नव्या खिळ्यांची परवानगी. इथे मात्र भिंत आमची होती, आणि खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसत होता. घर आमच्या आवाक्यात आलं त्याचं कारणही साधं होतं. वरच्या रस्त्यावरच्या दोन कंपन्या एकामागोमाग बंद पडल्या. कामगार राहायला येतील म्हणून बांधलेली ही इमारत तशीच पडून राहिली. गावातली तरुण माणसं उरण-पनवेलला वॉचमन, ड्रायव्हर म्हणून जायला लागली आणि पाळ्या सुटण्याच्या वेळेवर जगणारी दुकानं एकेक करून मिटली. नवरा कळंबोलीच्या गोदामात मोटरसायकलने जायचा. मी घरात बसून पुण्याच्या एका आर्किटेक्टची ड्रॉइंग करून द्यायचे.

इमारतीतले आम्ही सगळेच बाहेरचे. संध्याकाळी गच्चीवर जमायचो आणि आपण कुठे येऊन पडलो यावर आपापलं मत द्यायचो. चौथ्या मजल्यावरचे काका पुण्यातल्या बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, "इथे काहीही नाही. डॉक्टर नाही, एटीएम नाही, चांगला ब्रेड नाही." माझ्या शेजारी राहणारी सांगलीची नर्स पनवेलच्या हॉस्पिटलात ड्युटीला जायची. ती म्हणायची, "काका, इथे सगळं आहे. फक्त बंद आहे." मी दोघांचंही ऐकायचे आणि दोघांनाही सांगायचे की मला इथे फार आवडतंय. ते खरं होतं. पण आवडतंय म्हणजे काय, तर खिडकी आवडत होती. गावात मी किराणा दुकानापलीकडे गेलेच नव्हते.

थंडी सुरू होता होता ग्रामसभेचं आमंत्रण आलं. सरपंचबाई स्वतः इमारतीत येऊन सांगून गेल्या, "तुमी बाहेरून आलाय. तुमाला काय वाटतं ते येऊन बोला." आम्ही सगळे गेलो. काकांनी तर कागदावर मुद्दे लिहून नेले होते आणि ते सगळे वाचूनही दाखवले. मग माझ्याकडे माईक आला. मला बोलायची फार हौस. मी म्हटलं, "जागा सुंदर आहे, माणसं चांगली आहेत, पण गाव मरगळलेलं वाटतं. बाहेरून कुणी आलं तर त्याला घासभर जेवण मिळेल अशी एक खानावळसुद्धा नाही."

सरपंचबाई खाली बघायला लागल्या. मागच्या रांगेतून एक साठीच्या बाई उठल्या. ठेंगणा बांधा, कपाळावर मोठं कुंकू.

"झाला का सांगून?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"मंग आता माझा आयक. कंपनी होती तवा तिथली कॅन्टीन आमी बायका चालवायचो. तीन पाळ्या, रोजचा जेवान, एक दिस चुकला नाय. गाव मरगळलेला नाय, बाय. कामाबिगर बसलेला हाय."

त्या खाली बसल्या. माझे कान तापले. घरी येताना नवराही म्हणाला, "बाईंचं बरोबर होतं."

दुसऱ्या दिवशी मी विचारत विचारत त्यांच्या घरी गेले. त्या अंगणात वाल निवडत होत्या. मी म्हटलं, "मावशी, काल चुकलं माझं." त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "बस. खडे काढ." तासभर मी खडे काढले. मग त्यांनी मला घरामागे नेलं. तिथे भिंतीला टेकवून पातेली पालथी घातली होती, एवढी मोठी की त्यातल्या एकात मी बसू शकले असते. कंपनीने ती भंगारात काढली तेव्हा बायकांनी मागून आणली होती. एकाखाली कोंबडी बसली होती. बाकीची मात्र लख्ख होती. "दर दिवालीला घासतो," मावशी म्हणाल्या.

पुढे महिनाभराने ते घडलं. आपट्याच्या स्टेशनावर अधूनमधून शूटिंग असतं, तसं त्या मंगळवारीही होतं. नर्सला सुट्टी होती, म्हणून आम्ही दोघी तिच्या स्कूटरवरून बघायला गेलो. फलाटावर भलत्याच गावाची पाटी लावली होती, फेटेवाले आणि कंदीलवाले फिरत होते, मोठमोठे दिवे भर उन्हात जळत होते. आम्ही फोटो काढत होतो, तेवढ्यात टोपी घातलेला एक माणूस फोनवर ओरडत आमच्यासमोरून गेला, परत आला, आणि फोन खिशात टाकून त्याने आम्हालाच विचारलं, "मॅडम, तुम्ही इथल्या का? जवळपास हॉटेल आहे?"

"नाही," नर्स म्हणाली.

"जेवणाचा टेम्पो कर्नाळ्याजवळ अडकलाय. कंटेनर आडवा झालाय रस्त्यात. चार तास तरी हलणार नाही म्हणतात. एक वाजता ब्रेक आहे माझा."

"माणसं किती?" मी विचारलं. का विचारलं, मला आजही माहीत नाही.

"पावणेदोनशे धरा."

"होईल," मी म्हटलं.

नर्सने माझ्याकडे असं पाहिलं, जशी ती तापात बडबडणाऱ्या पेशंटकडे पाहत असेल. घड्याळात साडेदहा वाजत होते. स्कूटरवर बसल्या बसल्या ती ओरडली, "अगं, तू काय बोललीस ते कळतंय का तुला?" मला हसूच यायला लागलं.

मावशी ओटीवर बसून वाळत घातलेली मासळी उलथीपालथी करत होत्या. मी फाटकातूनच म्हटलं, "मावशी, एक वाजता पावणेदोनशे माणसांचं जेवण होईल का? स्टेशनावर द्यायचंय."

त्यांनी कोण, कुठली, कशाला असं काही विचारलं नाही. हात पदराला पुसले. "पावनेदोनशे? म्हंजे आमची रातपाळी," त्या म्हणाल्या आणि अंगणाच्या टोकाला जाऊन त्यांनी अशी हाक मारली की समोरच्या झाडावरचे पक्षी उडाले.

घराघरातून बायका आल्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या डोक्याला तेल. मावशींनी एकदाच सांगितलं, आणि मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. कुणी कुणाला काम वाटून दिलं नाही. एक सरळ तांदळाच्या गोणीकडे गेली, एक डाळीकडे, दोघी विळी घेऊन कांद्याला बसल्या. प्रत्येकीला आपली जागा ठाऊक होती. पातेली आली, कोंबडी ओरडत पळाली. तीन दगडांच्या चुली पेटल्या, मांडववाल्याकडून गॅसची मोठी शेगडी आली. भाकऱ्यांचं काय, असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा मावशींनी फर्मान काढलं, "ज्याच्या घरी तवा, त्याच्या घरी दहा भाकऱ्या."

ते मी आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. मला वाटलं, कुणी उत्तरही देणार नाही. पण पाचव्या मिनिटाला काका अंगणात हजर! पायांत बूट, हातात लाटणं. "भाकरी येत नाही मला, चपाती लाटतो," ते म्हणाले. मावशींनी त्यांची पहिली चपाती उचलून उजेडात धरली. "बँकेत होतात ना? मंग ताटं मोजा," असं म्हणून त्यांना केळीची पानं आणि पत्रावळ्यांच्या गठ्ठ्याजवळ बसवलं. काका बसले. दर पन्नासाला मोठ्याने आकडा सांगत होते. मी त्यांना इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं.

भात, आमटी, वांगं-बटाटा, सुक्या जवळ्याची चटणी, कांदा, लोणचं. साडेबाराला गावच्या भाजीच्या टेम्पोत सगळं चढलं. मागे मावशी, चार बायका, नर्स आणि मी पातेली धरून बसलो. काका आमटीचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरायला होते. रेल्वेच्या फाटकापाशी आलो आणि फाटक पडलं. मालगाडी! डबे संपेचनात. नर्स घड्याळ बघत होती, काका डबे मोजत होते, मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारत होते. मावशी मात्र पातेल्याला पाठ टेकून शांत बसल्या होत्या. "गरम ऱ्हाईल," एवढंच म्हणाल्या.

एक वाजून दहा मिनिटांनी आम्ही फलाटावर पोचलो. टोपीवाला धावत आला, झाकण उघडून वास घेतला आणि खालीच बसला. लोकांची झुंबड उडाली, तशा मावशी पळी उंचावून कडाडल्या, "रांगेत! ताट दोन हातांनी धरायचा!" आणि ते सगळे, दिवेवाले, फेटेवाले, मेकअपवाले, शाळेतल्या मुलांसारखे रांगेत उभे राहिले. नाजूकशी नायिका चमचाभर भात मागायला लागली. मावशींनी तिला ओळखलं नाही. "येवढाच? चिमनी हायस का तू?" असं म्हणून त्यांनी तिच्या ताटात दोन पळ्या वाढल्या. तिने सगळं संपवलं आणि चटणीसाठी परत आली. मी पाणी वाढत पळत होते, साडीवर आमटी सांडली होती, आणि मला वाटत होतं की आयुष्यात कधी एवढी मजा केली नाही.

परत येताना मावशी रिकाम्या पातेल्यांमध्ये बसल्या होत्या. बराच वेळ त्या आपले तळवे बघत होत्या. "हात इसरले नाय गो," त्या म्हणाल्या. शेजारच्या बाईने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि डोळे मिटले.

टोपीवाल्याने नंबर नेला होता. पंधरवड्यात दुसऱ्या युनिटचा फोन आला, मग एका लग्नाचा, मग नेऱ्याकडच्या एका फार्महाउसचा. महिनाभरात बायकांनी कॅन्टीनसाठी सलूनशेजारचा गाळा भाड्याने घ्यायचं ठरवलं. स्वयंपाकघराचं ड्रॉइंग मी केलं. मी रात्रंदिवस लोकांची स्वयंपाकघरं काढते, त्यामुळे फार ऐटीत नकाशा पसरला. मावशींनी तो दोन मिनिटं पाहिला आणि बोट ठेवलं. "चूल इथं नको. सांजचा वारा नदीकडनं येतो, सगळा धूर जेवनाऱ्यांच्या डोळ्यांत." मी खोडरबर काढलं. मग त्यांनी पाण्याची टाकी हलवली, मग दार. शेवटी माझं त्यात फक्त मोजमाप उरलं.

मी हे सगळं सांगते म्हणून कुणी असं समजू नये की इथलं सगळं पालटलं. कंपन्यांच्या फाटकांना कुलुपं आहेत. डॉक्टर अजून आठवड्यातून दोनच दिवस येतो, आणि काका दर ग्रामसभेत त्यावर बोलतात, आणि आता सगळं गाव त्यांच्यासोबत मान डोलावतं. नर्सची बदली झाली. जाताना ती रडली, तरी म्हणाली, "मूल झालं तर मी इथे राहणार नाही. तूही विचार कर." तिचं म्हणणं चूक नाही. माझं मतही दर आठवड्याला थोडं थोडं बदलतं. पण आता मत देण्याआधी मी मावशींना विचारते.

कॅन्टीन सुरू झाली त्या दिवशी सकाळपासून आम्ही झेंडूच्या माळा लावत होतो. शूटिंगवाले येतील, इमारतीतले येतील असा आमचा हिशेब. बाराला एक सायकल थांबली, मग दुसरी, मग रिक्षातून चौघं उतरले. आजूबाजूच्या गावांतली पन्नाशी-साठीतली माणसं. त्यांतल्या एकाने कंपनीचा जुना निळा शर्ट इस्त्री करून घातला होता. पहिल्या पाळीच्या जेवणाची वेळ बाराचीच असायची, हे मला नंतर कळलं. त्यांनी बाहेरच्या नळावर हात धुतले आणि कुणी न सांगता भिंतीलगत रांग लावली. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि पळी हातात घेतली. "काय रे, उशीर केलात?" त्या पहिल्याला म्हणाल्या. तो हसला आणि त्याने ताट दोन्ही हातांनी पुढे धरलं. मी पाण्याचा जग भरला आणि रांगेच्या शेवटच्या माणसाकडे निघाले.