उलट्या टाक्यांची चप्पल

कॉलनीच्या मैदानावर जेलातल्या कैद्यांनी केलेल्या चामड्याच्या वस्तूंची विक्री लागली होती. मी तेव्हा भद्रावतीच्या एका शाळेत नवी मास्तरीण. सोबतच्या एक बाई मला ओढतच घेऊन गेल्या. टेबलावर पट्टे, पिशव्या, चपला. कुठल्याच वस्तूवर करणाऱ्याचं नाव नव्हतं. मी एक पुरुषी चप्पल सहज उचलली आणि बघतच राहिले. तिचे टाके उलट्या बाजूला कललेले होते.

माझा धाकटा भाऊ डावखुरा. लहानपणी माझं फाटलेलं दप्तर त्यानं दाभणानं शिवून दिलं होतं, तेही असंच उलट्या कलाचं. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून झालेल्या भांडणात त्याच्या हातून माणूस मेला आणि तो चंद्रपूरच्या जेलात गेला. चूक त्याचीच होती, मी कधी नाही म्हटलं नाही. पण भाऊ माझा होता.

"ठेवा वो बाई ते," सोबतच्या बाई म्हणाल्या. "खुन्याच्या हातची चप्पल कोण घालते?"

"माझ्या भावाच्या हातची आहे," मी म्हटलं, मुद्दाम मोठ्यानं. भोवतालच्या बायका वळून पाहू लागल्या. दोन वर्षं मी सगळीकडे तो मुंबईला नोकरीला आहे असं सांगत होते, आणि त्या खोटेपणाचा मला वीट आला होता. उद्या शाळाभर होईल, तर होऊ दे.

चप्पल घेतली ती बाबांच्या मापाची. घरी उंबऱ्यापाशी ठेवली, तर बाबा भडकले. बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या वर्षी आजोबांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं होतं. गावानं मजुरी बंद केली, तरी आमच्या घरात पुन्हा कोणी कातड्याला हात लावला नाही.

"आमी जे सोडलं, तेच हा जेलात करून राह्यला," बाबा म्हणाले. "फेक ते भाईर!"

"नाई फेकत. तुमी त्याले एकदाही भेटाले गेले नाई. त्याच्या हातचं काम तरी पाहा."

मग आमची जुंपलीच. ते चप्पल पायानं खाटेखाली ढकलायचे, मी रोज सकाळी काढून पुन्हा उंबऱ्यापाशी ठेवायची. आठवडाभर कोणीच हटलं नाही. रविवारी पाहते तर ते चप्पल हातात घेऊन टाक्यांवरून अंगठा फिरवत बसलेले.

"मास्तरानं सांगतलं म्हून मी त्याचा डावा हात नाडीनं बांधून ठेवत होतो," ते म्हणाले. "मारलं बी लय. तरी डावाच राह्यला."

पुढच्या भेटीच्या दिवशी मी एसटी स्टँडवर गेले, तर बाबा माझ्या आधीच तिथं उभे. पायात तीच चप्पल. करकरीत चामडं, अंगठ्यापाशी कातडी सोललेली.

"चावते काय, बाबा?"

"चावू दे," ते म्हणाले. "त्याले सांगू नोको."