अंगणात वाळणारी माती

लग्न होऊन मी परभणीला आले, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. आमचे हे माती तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत कामाला होते. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या. गावोगावची माती यायची ओलसर, ढेकळांसकट, आणि ती वाळवायला तिथं जागाच नव्हती. मग पिशव्या आमच्या घरी येऊ लागल्या.

पत्र्याच्या सावलीत जुनी वर्तमानपत्रं अंथरून मी माती पसरायची. उन्हात अजिबात नाही. प्रत्येक नमुन्यापाशी गावाची चिठ्ठी, वर खडा. वाळली की ढेकळं फोडायची. मी हौसेनं माहेरचा लोखंडी खलबत्ता काढला, तर हे ओरडलेच, "अगं, लोखंड उतरेल मातीत!" मग सुताराकडून लाकडी मोगरी करून आणली. शेजारीण विचारायची, "काय गं, मातीचे पापड घालायलीस का?"

एकदा हे फिरतीवर असताना मानवतकडचे एक वयस्क शेतकरी दारात आले. "आमच्या रानाची माती इथं हाय म्हणले."

मी नेमकी त्यांचीच माती घेऊन बसले होते. चाळलेल्या मातीचा ढीग चपटा करायचा, बोटानं त्यावर फुली काढायची. समोरासमोरचे दोन भाग ठेवायचे, दोन काढून टाकायचे. राहिलेलं मिसळून पुन्हा तसंच, ओंजळभर उरेपर्यंत. मी दोन भाग सुपात सारले, तसे ते खालीच बसले.

"फेकायलीस का माय? बापाच्या हातची जिमीन हाय ती."

मी गांगरले. मग म्हणाले, "मामा, आमटीचं मीठ बघायला आपण पातेलंभर पितो का? नीट ढवळतो आन् पळीभर घेतो. हे ढवळणंच आहे."

ते फुलीकडं बघत राहिले. "मंग नीट ढवळ," म्हणाले, आणि हसले. यांचं काम मी पहिल्यांदाच कुणाला तरी समजावून सांगितलं होतं, आणि ते त्यांना पटलं होतं. मला लय बरं वाटलं. मी त्यांना भाकरी वाढली. जाताना सुपातली माती त्यांनी मागून घेतली, उपरण्यात बांधली.

हिवाळ्यात ते हरभऱ्याचे ढाळे घेऊन आले. प्रयोगशाळेकडून गेलेल्या कागदात सांगितलं तसं खत घातलं होतं, पीक बरं होतं. मी नमुन्यांपासून लांब, चुलीपाशी बसून ते सोलले.

पुढं प्रयोगशाळेला शेड मिळाली. शेवटच्या पिशव्या टांग्यात घालताना हे म्हणाले, "सुटलीस बाई एकदाची." मी हो म्हणाले. अंगण झाडलं, सडा टाकला. किती मोठं दिसायला लागलं ते! दुपारी जेवणं उरकल्यावर मात्र काय करावं ते सुचेना. शेजारणीकडं जाऊन बसले. तीही म्हणाली, "तुझं अंगण कसं ओकंओकं वाटायलंय गं."