लाल दोऱ्यातलं रोमन नाणं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते मारेगावच्या शाळेत मला इतिहास शिकवणाऱ्या सरांचे. आमच्या तांड्यावरचा मी पहिला पदवीधर. माझ्या जातीच्या दाखल्यासाठी सरांनी माझ्या वडिलांना आपल्या मोटारसायकलवर बसवून तीनदा तहसीलला नेलं होतं.

सरांकडे एक रोमन नाणं होतं. काशाचं, जुन्या चार आण्यांएवढं. तरुणपणी मदुरेला एका भंगारवाल्याकडून घेतलेलं. खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीतून ते दरवर्षी वर्गात यायचं आणि हातोहात फिरायचं. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावरून पडणाऱ्या शत्रूला भाल्यानं भोसकणारा शिपाई. रोमच्या उतरत्या काळात अशी नाणी ढिगांनी पाडली गेली. शिपायाच्या पायाखाली टाकसाळीची अक्षरं असतात. त्यातल्या एखाद्या ठिपक्याच्या फरकानंही नाण्याचा वेगळा प्रकार मानतात.

मागच्या वर्षी सरांची नजर फार अधू झाली. त्यांनी डबी माझ्या हाती दिली.

"खालची अक्षरं वाचून दे. किंमत नको सांगू, असं नाणं किती जणांकडे आहे तेवढं सांग."

वणीला कोळशाच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी कारकून आहे. जेवणाच्या सुटीत मोबाइलवर परदेशी याद्या चाळत बसायचो. महिनाभरानं उलगडा झाला. अक्षरांच्या आधी एक बारीक फांदी होती. ती खूण असलेली नाणी मला फक्त दोन सापडली, दोन्ही संग्रहालयांत. मी आनंदानं यवतमाळच्या नाणेसंग्राहकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. ग्रुपवर ज्यांचा शब्द चालतो त्या निवृत्त साहेबांनी उत्तर दिलं की अशी फांदीबिंदी पोत्यानं मिळते, नवशिक्यांनी हुरळून जाऊ नये. त्याखाली हसण्याची चित्रं पडली. तेव्हापासून तो माणूस मला सहन होत नाही.

सरांना प्रत्यक्ष भेटूनच सांगायचं म्हणून नाणं तांड्यावर पेटीत ठेवून मी कामावर परतलो. पंधरा दिवसांनी घरी आलो तेव्हा याडी, म्हणजे माझी आई, लग्नासाठी ओढणी नव्यानं सजवत बसली होती. तिच्या काठावर जुन्या रुपयांच्या रांगेत सरांचं नाणं लाल दोऱ्यानं शिवलेलं. खिळा ठोकून भोक पाडलेलं, नेमकं राजाच्या मानेत.

मी आयुष्यात प्रथमच आईवर ओरडलो. 

"तू त्याले इतका जपतं, म्हणून शिवलं," ती म्हणाली. "पेटीतलं हरवते. आंगावरचं कुठी जाते?"

आमच्याकडे मोलाचं नाणं असंच ठेवतात. तिच्या आईनंही असंच ठेवलं होतं. मी दोरा कापला आणि पुढच्या रविवारी यवतमाळला, त्या ग्रुपच्या बैठकीला गेलो. भोक बुजवता येतं का, एवढंच विचारायचं होतं.

त्याच साहेबांनी "या, ग्रॅज्युएट" म्हणून स्वागत केलं. नाणं अधू नजरेच्या सरांचं आणि भोक तांड्यावर आईनं पाडलेलं, हे मी सांगितलं. भोकात अडकलेला दोऱ्याचा तुकडा टाचणीनं बाजूला सारून भिंग लावलं. ते फांदीवरून दोनदा फिरवलं. मग चारचौघांत म्हणाले की भोक बुजवलं तरी दिसतंच, हे आता मोडीत गेलं. मी म्हटलं, प्रकार दुर्मिळ आहे.

"दुर्मिळ असून काय करता? ही फांदी हवी असणारे जगात चार जण. त्यातले तिघं कंजूष."

सगळे हसले. त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त झोंबलं. याच शिपायाचं, अगदी सर्रास मिळणारं पण धडधाकट नाणं तिथल्या टेबलावर सरांच्या नाण्यापेक्षा महाग होतं.

तेच त्यांनी उचलून माझ्या तळहातावर ठेवलं आणि आवाज उतरवला. "हे त्यांना द्या, भोकाचं मला राहू द्या. तुमच्या गुरुजींना अक्षरं कुठं दिसतात आता?"

"मोडीतलं तुम्हाला कशाला?"

"अभ्यासाला."

दुर्मिळपणाचं मोल त्या खोलीत त्यांनाच सगळ्यात चांगलं कळत होतं आणि तरी नाणं कवडीमोल असल्यासारखं ते दाखवत होते. तरी मी ते धड नाणं लगेच परत केलं नाही. हातातला चहा संपेपर्यंत ते माझ्या मुठीत होतं. डबीत घातलं असतं तर कुणाला कळलं नसतं. मग मी ते टेबलावर ठेवलं आणि सरांचं उचललं. मी जिना उतरत असताना ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तांड्यावरची भोकं पाडायची खोड काही जायची नाही."

 आजही ते आठवलं की दात आवळले जातात. बसस्टँडवर वहीचं पान फाडून लिहायला बसलो.

"आदरणीय सर,

तुम्हाला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरांत लिहितो आहे. फोनवर सांगायचा धीर झाला नाही.

तुमच्या नाण्याला भोक पडलं आहे. आईनं पाडलं, मौल्यवान समजून ओढणीला शिवण्यासाठी. ते घरी सोडून गेलो, चूक माझी. बदल्यात एक धड नाणं मिळत होतं, तुम्हाला न सांगता तेच देण्याचा विचार मनात आला होता. दिलं नाही.

तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर: अक्षरांआधी फांदी असलेली मला दोनच सापडली. तिसरं तुमचं. कुणाच्या घरी आणखी असेल तर मला माहीत नाही. अक्षरं शाबूत आहेत.

आईला तुमच्याकडे यायचं आहे. येत्या रविवारी तिला घेऊन येतो. भोकात लाल दोऱ्याचा तुकडा अजून आहे. काढू की राहू देऊ, ते कळवा.

तुमचा विद्यार्थी"